अंगावरचे दूध आणि अंगावरचे वजन

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंदापूर्वी आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याची प्रथा आहे. हा लेख बहुधा आमच्या डॉक्टरांपैकी कोणी लिहितात. यंदा हे काम प्रशासन विभागाकडे आले, याचे कारण विषयात औषधापेक्षा हिशोब अधिक आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकातले जे काही मला समजते, ते डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या सहवासात कानावर पडून. लेखाचा मसुदा स्त्रीरोग व बालरोग या दोन्ही विभागांनी वाचून आवश्यक तेथे दुरुस्त केला आहे, हे सुरुवातीसच नमूद करतो.

प्रसूतीनंतरच्या तपासणीसाठी येणाऱ्या मातांच्या मनात दोन संकल्प असतात. बाळाला अमुक महिने अंगावर पाजायचे, हा पहिला. आणि गरोदरपणात वाढलेले वजन उतरवायचे, हा दुसरा. घरातील वडीलधारी मंडळी सांगतात की हे दोन्ही एकदम साधत नाही. वजनाच्या मागे लागलीस तर दूध आटेल, असे एकीकडे बजावले जाते आणि त्याच तोंडाने ‘किती सुटलीस ग’ असेही ऐकवले जाते. या कात्रीत सापडलेली सून किंवा लेक मग एक तर वजनाचा विचार सोडून देते, किंवा कोणाला न सांगता उपाशी राहू लागते. दुसऱ्या प्रकारची एक घटना गेल्या वर्षी आमच्याकडे घडली. संबंधित मातेच्या अनुमतीने, तिचे नाव-गाव न देता, ती येथे मांडतो.

ही माता एका कचेरीत हिशेबनीस आहे. पहिल्या मुलाच्या वेळी तिचे दूध दीड महिन्यातच बंद झाले होते आणि त्याची खंत तिला होती. दुसऱ्या खेपेस वर्षभर पाजायचेच, असे तिने ठरवले. मात्र या गरोदरपणात तिला मधुमेहाची बाधा झाली, वजन ६४ किलोवरून ८२ वर गेले आणि प्रसूतीनंतर दीड महिन्याने ते ७५ होते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतरांहून बराच जास्त असतो, आणि वजन आटोक्यात ठेवणे हा तो टाळण्याचा एक प्रमुख मार्ग आहे. स्तनपानानेही तो धोका कमी होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे तिचे दोन्ही संकल्प हौसेचे नव्हते. दोन्हींना वैद्यकीय आधार होता. तिसऱ्या महिन्याअखेरीस वजनाचा काटा ७५ वरच होता. तेव्हा तिने कोणाच्या तरी सांगण्यावरून सकाळी पावडरचे पेय, दुपारी काकडी आणि ताक, रात्री सूप असा आहार सुरू केला. तीन आठवड्यांत चार किलो उतरले. पण आठवड्याला दोनशे ग्रॅमने वाढणारे बाळ ऐंशी ग्रॅमवर आले, सतत रडू लागले, आणि ती ‘दूध आटले’ असे म्हणत आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली.

तिला परिचारिकांनी काय सांगितले, ते पुढे येईलच. आधी हिशोब पाहू.

दुधाचा जमाखर्च

निव्वळ स्तनपानावर असलेले बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते. शंभर मिलिलिटर दुधात ६५ ते ७० उष्मांक धरले तर रोज सुमारे ५०० उष्मांक आईच्या शरीरातून बाळाकडे जातात. दूध तयार करण्यासाठी लागणारी ऊर्जा त्याशिवाय. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार पाजणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० आणि पुढील सहा महिन्यांत ५२० उष्मांक जास्तीचे लागतात. बैठे काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या स्त्रीची एरवीची गरज याच शिफारशींत १६६० धरली आहे. त्यात ६०० मिळवले की २२६० होतात. हा झाला खर्च.

आता जमेची बाजू. बाळंतिणीसाठी घरोघरी डिंकाचे, मेथीचे आणि अळिवाचे लाडू होतात. तूप, गूळ, खोबरे आणि सुकामेवा यांचा चाळीस ग्रॅमचा एक लाडू सुमारे २०० उष्मांक देतो. सकाळ-संध्याकाळ एकेक धरला तर ४००. अळिवाची किंवा खसखशीची वाटीभर खीर २०० च्या घरात. भातावर, भाकरीवर दिवसभरात चार चमचे जास्तीचे तूप, म्हणजे २० ग्रॅम. स्निग्धांशाच्या ग्रॅमला ९ उष्मांक, म्हणजे १८०. बेरीज ७८० होते. जे ६०० हवे होते ते मिळून वर १८० शिल्लक. जेवण नेहमीचेच, आणि हालचाल जवळजवळ नाही. सव्वा महिन्याचा हा क्रम सहा महिने चालू राहिला, तर वजन का उतरत नाही याचे कोडे पडायला नको.

येथे आपल्या आजीच्या पिढीवर टीका करण्याचा हेतू नाही. तिच्या काळी लाडवांचा डबा चाळीस दिवसांत संपत असे आणि त्यानंतर बाळंतीण विहिरीचे पाणी, जाते आणि शेत यांच्याकडे परत जाई. डबा आज सहा महिने भरला जातो, आणि पाणी नळाला येते. अळिवात लोह आहे, डिंकाच्या लाडवातल्या खोबऱ्या-खारकांचेही मोल आहे. दिवसाला एक लाडू पुरेसा होतो, एवढेच आमच्या आहारतज्ज्ञांचे म्हणणे आहे. दुधाचे प्रमाण मात्र लाडवावर ठरत नाही. बाळ ओढते तेव्हा मेंदूतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरके स्रवतात. पहिल्याने दूध तयार होते, दुसऱ्याने पान्हा फुटतो. स्तन जितके रिकामे होतील तितके नवे दूध बनते. मागणी थांबली की पुरवठाही मंदावतो. हा नियम बाजारपेठेचा आहे तसा निसर्गाचाही आहे, आणि माझ्यासारख्याला तो चटकन समजतो.

आता समजा, एखाद्या मातेने २२६० ऐवजी रोज १८०० उष्मांक घेतले. रोजची तूट ४६०, आठवड्याची ३२२०. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. म्हणजे आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास, महिन्याला पावणेदोन किलो. मूळ वजन ५५ हून अधिक असेल तर गरजही अधिक, त्यामुळे प्रत्येकीचा आकडा निराळा येईल. परंतु वेग कोणता असावा, हे यावरून कळते. आमच्या मातेच्या पेयांच्या आहारात फार तर ९०० उष्मांक असावेत. तूट चौदाशेच्या वर!

आठवड्याला अर्धा किलो या वेगाने दूध कमी होते का, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने मिळालेले आहे. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील लव्हलेडी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या चाळीस पाजणाऱ्या मातांपैकी निम्म्यांना रोजच्या आहारात ५०० उष्मांकांची कपात आणि आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटांचा व्यायाम सांगण्यात आला. प्रसूतीनंतरच्या चौथ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत. या मातांचे वजन सरासरी ४.८ किलो उतरले, दुसऱ्या गटाचे ०.८ किलो. दोन्ही गटांतील बाळांची वजने आणि उंची सारखीच वाढली. त्याआधी १९९४ साली याच नियतकालिकात ड्यूई यांच्या गटाने दाखवून दिले होते की नियमित व्यायामाने दुधाचे प्रमाण वा घटक यांवर अनिष्ट परिणाम होत नाही. घाम आल्यावर दूध ‘गरम’ होते, ही समजूत म्हणूनच निराधार आहे.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. स्तनपानाने वजन आपोआप झरझर उतरते, असे जे छापून येते ते अतिशयोक्त आहे. काहींचे उतरते, काहींची भूक इतकी वाढते की दूध सोडवेपर्यंत काटा हलत नाही. अशा वेळी पाजण्यालाच दोष देऊन ते बंद करणे म्हणजे नुकसान खात्यावर ओढवून घेणे होय.

हा सल्ला सर्वांसाठी नाही

वरसावे नाक्यावर एकीकडून घोडबंदर मार्ग आणि दुसरीकडून महामार्ग येऊन मिळतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि त्याच्या कडेचे आदिवासी पाडे. त्यामुळे आमच्या बाह्यरुग्ण विभागातील एकाच बाकावर मिरा रोडच्या सदनिकेतून आलेली ८० किलोची माता आणि पाड्यावरून चालत आलेली ३८ किलोची माता शेजारी-शेजारी बसलेल्या दिसतात. दोघींच्या कडेवर अंगावर पिणारे बाळ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या आढळल्या, तर ५७ टक्के रक्तक्षयी. या दोन आकड्यांचा अर्थ मला त्या बाकाकडे पाहून समजला.

दुसऱ्या मातेला वजन उतरवण्याचा एक शब्दही सांगायचा नसतो. डॉ. सी. गोपालन यांनी १९५० च्या दशकात, पोषण संशोधन शाळा कुन्नूरला असताना, गरीब मातांच्या दुधाचा अभ्यास केला होता. अपुऱ्या आहारावरही या माता दीर्घकाळ दूध देतात, असे त्यात दिसून आले. पण हे दूध कोठून तरी येतेच. बाळाचा हप्ता चुकू नये म्हणून आईचे शरीर स्वतःची ठेव मोडत असते. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून आदिवासी क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्यास सुरुवात केली, ती याच कारणाने. प्रसूतीनंतर १८० दिवस लोह-फॉलिक आम्ल आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेण्याची शिफारस सर्वच मातांना आहे, आणि बहुतेकींच्या गोळ्या दुसऱ्या महिन्यात बंद पडतात.

आपल्या भागात शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून आणखी एक सूचना. दूध-दही कमी घेणाऱ्या शाकाहारी मातेच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असेल, तर ती तिच्या दुधातही उतरते, आणि बाळ मलूल होणे, त्याची वाढ व शिकणे मागे पडणे असे परिणाम संभवतात. वजनासाठी दूध-दही बंद करणाऱ्या मातांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कमी करायचे ते तूप, साखर, फरसाण, बिस्किटे. डाळ, उसळ, दूध, भाजी नव्हे. मांसाहारी घरांत मासे आणि अंडी अवश्य असावीत.

त्या मातेचे पुढे काय झाले

तिची विचारपूस करताना आमच्या ज्येष्ठ परिचारिकेला दुसरे कारणही सापडले. दिवसभराच्या उपाशीपोटी तिला रात्री जागणे अशक्य होऊ लागले होते, म्हणून घरच्यांनी रात्री बाटलीने पावडरचे दूध सुरू केले होते. रात्रीचे पाजणे बंद, म्हणजे मागणीही कमी. दूध आटण्यास निम्मा हात उपासाचा आणि निम्मा त्या बाटलीचा.

उपाय साधे होते, पण ते पाळण्यासाठी घरातील सर्वांची साथ लागली. पेये बंद करून दिवसाला १८०० ते १९०० उष्मांकांचा आहार आखून देण्यात आला: सकाळी नाचणीची आंबील किंवा उपमा, दोन्ही वेळा डाळ वा उसळ, दोन भाकऱ्या, भाजी, मूठभर भात, दही, एक फळ, एक लाडू. पाणी तहानेप्रमाणे, उगीच लोटाभर नाही. दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा पाजणे आणि रात्रीची एक वेळ काही झाले तरी न चुकवणे. बाटलीतील दूध टप्प्याटप्प्याने कमी करून, द्यायचेच तेव्हा वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बाळाला छातीशी कसे धरावे, हेही तिला नव्याने शिकवावे लागले. दुसऱ्या खेपेच्या मातेला ते येतेच असे आपण गृहीत धरतो. व्यायामात सुरुवातीला पाजून झाल्यावर वीस मिनिटे चालणे, पुढे चाळीस. तिचे सिझेरियन झालेले असल्याने पोटाचे व्यायाम डॉक्टरांनी पाहिल्याखेरीज नाहीत.

दर आठवड्याला दोन वजने घेतली जात: आईचे आणि बाळाचे. ठरवले असे होते की बाळाचे वजन मागे पडले तर आईचा आहार वाढवायचा, तिचे वजन कितीही असो. बाळ दिवसात सहा वा अधिक वेळा लघवी करते का, याचीही नोंद वहीत होत होती. हिशेबनीस असल्याने ती वही अतिशय नीटनेटकी आहे. ती पाहून माझ्या लेखा विभागाला थोडी लाज वाटावी. दहा दिवसांत बाळ पुन्हा चांगले वाढू लागले. पेयांमुळे उतरलेल्या चारपैकी एक किलो परत आला, त्या दिवशी ती रडली, असे परिचारिकेने मला सांगितले.

सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यावर खरी परीक्षा झाली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा कायद्याने मिळते, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन विश्रांतिका देण्याची तरतूद तर १९६१ च्या मूळ कायद्यातच होती. पण बाळ भाईंदरला आणि कचेरी अंधेरीला असेल तर त्या विश्रांतिकेचा उपयोग दूध काढून ठेवण्यापुरताच. त्यासाठी आडोसा हवा. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या हिरकणीचे नाव आपल्या एस. टी. स्थानकांतील कक्षांना दिलेले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूर अधिवेशनास आल्या, त्यानंतर विधानभवनातही असा कक्ष झाला. खाजगी कचेऱ्यांत तो क्वचित आढळतो. या मातेने कचेरीतील जुन्या कागदपत्रांची खोली मागून घेतली. काढलेले दूध झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, शीतकपाटात. घरी आल्यावर बाळाने थेट प्यायचे. आपल्या हवेत काढलेले दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सहा महिन्यांनंतर बाळाचा वरचा आहारही सुरू झाला होता, त्यामुळे ओढाताण थोडी कमी झाली.

तिचे वजन आठवड्याला चारशे ग्रॅमच्या हिशोबाने उतरले नाही. पावसाळ्यात चालणे बंद पडले आणि दोन महिने काटा जागचा हलला नाही. बाळाच्या पहिल्या वाढदिवशी ती ६६ किलोची होती, म्हणजे मूळ वजनापेक्षा दोन किलो जास्त. साखरेची तपासणी निर्दोष आली. बाळ तेरा महिन्यांचे झाले तेव्हाही रात्री आणि पहाटे अंगावर पीत होते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे पूरक आहारासोबत दोन वर्षे वा अधिक काळ अशी आहे. ती गाठणार का, असे विचारता तिने ‘बघू’ म्हटले.

देणगीदारांसाठी

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. आपल्यासारख्या छोट्या रुग्णालयाची झेप तेवढी नाही. आपल्याला एक स्तनपान सल्ला कक्ष नीट चालवायचा आहे. या संदर्भात एक खुलासा करतो. शिशुआहार बनवणाऱ्या एका कंपनीकडून नवजात बाळांसाठी भेटवस्तूंचे संच आणि भिंतीवरील तक्ते मोफत देण्याचा प्रस्ताव आला होता. बाळाच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांविषयीचा १९९२ चा कायदा आणि २००३ ची त्याची दुरुस्ती यांनुसार अशा भेटी देणे आणि आरोग्यसंस्थांनी त्या घेणे, दोन्ही निषिद्ध आहे. प्रस्ताव सविनय परत केला. काही हितचिंतकांनी ‘फुकटचे सोडले’ म्हणून नाराजी कळवली, म्हणून कारण येथे नोंदवले.

सल्ला कक्षासाठी प्रसूतिगृहाशेजारची खोली रिकामी करून देण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली आहे. दोन परिचारिकांचे प्रशिक्षण पूर्ण झाले आहे. खोलीला पडदे, दोन पाठीच्या खुर्च्या आणि दूध काढण्याचे एक यंत्र मिळाले आहे. बाळाचे पाजण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा अद्याप नाही. तूर्त बालरोग विभागाचा काटा दुपारी दोननंतर उसना आणला जातो, आणि म्हणून कक्षाची वेळ दुपारी दोन ते चार ठेवलेली आहे.